गावडुक्कर : मोकाट आणि मोकळे यांतले अंतर

मराठवाड्यातील जनावरांची नावे सांगायची झाली, तर कोणीही आधी देवणी आणि लाल कंधारी गाय सांगेल आणि मग उस्मानाबादी शेळी. जिल्हा धाराशिव झाला तरी शेळीने आपले जुने नाव सोडलेले नाही. या यादीत डुक्कर कुठेच येत नाही. ते बाजारतळामागे दिसते, नाल्याच्या काठाने हिंडते, लग्नाच्या मांडवामागे उष्ट्या पत्रावळ्यांवर तुटून पडते. पण त्याला ना स्वतःचे नाव आहे, ना पशुप्रदर्शनात जागा. सरकारी कागदावर त्याच्या सांभाळाला ‘वराहपालन’ म्हणतात आणि गावात नुसते ‘डुकरं’, तेही बहुधा तोंड वाकडे करून. हा लेख त्या काळ्या, लांब निमुळत्या तोंडाच्या, मानेवर ताठ केसांची रेघ असलेल्या गावडुकराविषयी आहे. दोन-चार एकरांच्या शेतावर त्याचा मूळ स्वभाव राखून, आणि गावाला उपद्रव होऊ न देता, ते कसे पाळता येईल, एवढाच त्याचा विषय आहे.

नाव नसलेली जात

भारतातील जनावरांच्या जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था ठेवते. एखाद्या भागातील जनावरे दिसायला आणि गुणांना सारखी असतील, ते गुण पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरत असतील आणि इतर भागांतील जनावरांपासून ती वेगळी ओळखता येत असतील, तर त्यांना जात म्हणून मान्यता मिळते. डुकरांमध्ये उत्तर बंगालमधील घुंगरू, मेघालयातील नियांग मेघा, नागालँडमधील तेन्यी वो, आसाममधील डूम, उत्तर प्रदेशातील घुर्रा आणि आपल्या शेजारच्या गोव्यातील अगोंदा गोवन अशा जातींची नोंद झालेली आहे. मराठवाड्यातले गावडुक्कर मात्र ‘देशी’ या एका शब्दात गुंडाळले जाते, आणि ज्याला नाव नाही ते कमी झाले तरी मोजणार कोण, हा प्रश्न उरतोच. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात सुमारे ९०.६ लाख डुकरे मोजली गेली. २०१२ च्या मानाने ही संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली होती.

संख्या घटते ती एक गोष्ट, रक्त पातळ होते ती दुसरी. व्यवसाय म्हणून डुक्करपालन करू पाहणारा माणूस सहसा इंग्लंडहून आलेल्या लार्ज व्हाइट यॉर्कशायर या पांढऱ्या जातीकडे किंवा तिच्या संकराकडे वळतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण चांगला खुराक मिळाला तर ते जनावर आठ-नऊ महिन्यांत ९० किलोच्या पुढे जाते, तर गावडुक्कर वर्षभरातही साधारण ४०-५० किलोंच्या आसपासच राहते. पण पांढरा नर देशी मादीला लावला की पिल्लांत देशी रक्त निम्मे उरते, त्यांतल्या मादीला पुन्हा पांढराच नर लावला की पाव, आणि त्यापुढच्या पिढीत आठवा हिस्सा. डुकरीण वर्षाच्या आसपास पहिल्यांदा विते, म्हणजे एका वस्तीवरची देशी जात मिटायला तीन-चार वर्षे पुरतात. ज्या देशातून ही पांढरी जात आली, तिथेही असेच घडलेले आहे. कुरळ्या केसांचे लिंकनशायर डुक्कर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कायमचे संपले, आणि १९७३ मध्ये दुर्मिळ जाती वाचवण्यासाठी तिथे स्वतंत्र संस्था काढावी लागली.

गावडुकराची बाजू मांडताना उगाच बढाई मारण्यात अर्थ नाही. ते हळू वाढते आणि त्याला पिल्लेही कमी होतात. पण मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या डुकराची कातडी उन्हाने अक्षरशः भाजते तिथे काळे जनावर तग धरते, भरड खाण्यावर निभावते, आणि त्याच्या मादीला विताना माणसाची मदत सहसा लागत नाही. ज्याच्याकडे कूलर लावलेले शेड नाही आणि रोज पोत्याने खाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या हिशेबात या गोष्टींना किंमत आहे.

मोकाट सोडले की काय होते

‘नैसर्गिक पद्धतीने’ म्हटले की पुष्कळांना वाटते, आपली गावडुकरे तशीच तर वाढतात. दिवसभर हिंडतात, मिळेल ते खातात, खर्च शून्य. ते मोकाटपण झाले. मोकाट डुक्कर काय खाते हे उघड आहे, आणि त्यातूनच एक असा आजार फिरतो जो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

माणसाच्या आतड्यात पट्टकृमी नावाचा लांब, फितीसारखा जंत राहू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची ती विष्ठा डुकराने खाल्ली की अंडी त्याच्या पोटात फुटतात, त्यातून निघालेल्या अळ्या रक्तातून मांसात जातात आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या गाठी करून बसतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले गेले तर त्या गाठीतून माणसाच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी तयार होतो आणि फेरा पूर्ण होतो. इथवरची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पुढची मात्र क्वचित सांगितली जाते. पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांतून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीतून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली, तर त्याच्या शरीरात डुकरासारख्याच गाठी होतात, आणि त्या मेंदूत झाल्या तर फेफरे येऊ लागते. म्हणजे ज्याने आयुष्यात डुकराचे मांस पाहिलेलेही नाही अशा माळकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो, आणि त्याला तो डुकराकडून थेट होत नाही, माणसाकडूनच होतो. डुक्कर या फेऱ्यातले मधले घर आहे. ते मधले घर बंद करायचे असेल तर डुक्कर कुंपणाच्या आत आणि माणसाची विष्ठा शौचालयाच्या आत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. म्हणूनच असे शेत उभारताना पहिला खर्च डुकराच्या निवाऱ्यावर न करता शेतावरच्या मजुरांसाठी शौचालय बांधण्यावर करावा, असे माझे ठाम मत आहे.

मोकळे म्हणजे काय

कुंपण घातले म्हणजे सिमेंटच्या कोब्यावर डांबून ठेवणेही नव्हे, कारण मग त्या जनावराचा स्वभाव मारला जातो. हा स्वभाव काय असतो याचा एक सुंदर अभ्यास १९८० च्या सुमारास एडिनबर्गमध्ये झाला. स्टोल्बा आणि वुड-गश या दोन संशोधकांनी बंदिस्त शेडमध्ये वाढलेल्या जातीची साधी पाळीव डुकरे झाडी, गवत आणि ओढा असलेल्या मोठ्या कुंपणात सोडली आणि ती काय करतात हे टिपत राहिले. अनेक पिढ्या माणसाच्या हाताखाली काढलेली ती डुकरे रानडुकरांसारखीच वागू लागली. दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ ती चरण्यात आणि माती उकरण्यात घालवत, रात्रीसाठी मिळून एक निवारा करत, आणि विष्ठा त्या निवाऱ्यापासून दूर जाऊन करत. घाण हा डुकराचा स्वभाव आहे, या आपल्या समजुतीला यात काही आधार सापडत नाही; जागा मिळाली तर डुक्कर झोपण्याची आणि हागण्याची जागा गाईपेक्षा काटेकोरपणे वेगळी ठेवते.

त्याचे नाक हे अवजार आहे. नाकाच्या टोकाशी कूर्चेची गोल चकती आणि तिच्या आत एक लहानसे हाड असते, त्यामुळे ते कोरडी जमीनही उलटू शकते. आणि त्याच चकतीला इतकी जाण असते की मातीखालची मुळी हुंगून, चाचपून नेमकी काढता येते. ज्याला हे करायला मिळत नाही ते जनावर कंटाळून दुसऱ्याची शेपटी चावू लागते.

दुसरी गरज चिखलाची. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याला बाहेरून ओल लागते. नुसते पाणी अंगावरून लगेच वाळून जाते. चिखलातले पाणी हळूहळू वाळत राहते आणि तेवढा वेळ थंडावा देते. शिवाय वाळलेला थर ऊन आणि माश्या अडवतो. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत खोदलेला एक लोळखड्डा हीच डुकराची वातानुकूलन यंत्रणा असते. पाण्याची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून खड्डा लहान ठेवावा, पिण्याच्या हौदाचे धुवण त्यातच सोडावे, आणि टँकरवर दिवस आले तर छपरावर पाचट टाकून त्यावर ओली गोणपाटे अंथरावीत. हा खड्डा आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उपसून कोरडा पडू द्यावा, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढून डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो.

जमीन, कुंपण आणि लव्हाळा

काळ्या रानात डुकरे ठेवण्याचा विचार करू नये. पावसाळ्यात त्या मातीचा असा राड होतो की जनावराचे खूर कुजतात आणि पिल्ले रुतून बसतात. उताराची मुरमाड जमीन, जिला आपल्याकडे बरड म्हणून नावे ठेवली जातात, ती डुकरांना उत्तम. एका एकराचे पाच-सहा तुकडे करावेत, दोन-तीन माद्या आणि त्यांची पिल्ले एका वेळी एकाच तुकड्यात ठेवावीत आणि गवत संपून माती उघडी पडायला लागली की पुढच्या तुकड्यात न्यावीत. हे फिरवणे केवळ गवतासाठी नसते. डुकराच्या पोटातील गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. आपल्या उन्हाळ्याच्या तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीत वरच्या थरातली अंडी बरीचशी मरतात, पण खोल गेलेली टिकतात. म्हणून लहान पिल्लांना नेहमी असा तुकडा द्यावा जिथे मागच्या हंगामात डुकरे नव्हती.

याच फिरवण्याचा एक फायदा शेतकऱ्याला लगेच पटतो. लव्हाळा आणि हराळी या दोन तणांनी मराठवाड्यातल्या किती शेतकऱ्यांच्या कमरा मोडल्या असतील ते सांगता येणार नाही. लव्हाळ्याचे वरचे गवत खुरपले तरी खालच्या गाठी राहतात आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतात. त्या गाठी डुकराला गोड लागतात. रब्बीचे पीक निघाल्यावर लव्हाळ्याच्या पट्ट्यात डुकरे सोडली की ती एकेक गाठ हुंगून काढून खातात आणि वर खतही टाकतात. सगळा लव्हाळा संपेल असे मी म्हणणार नाही. पण माणसाच्या खुरप्याला जे जमत नाही ते निम्मेअधिक काम होते.

कुंपणाला खालून विटांची किंवा दगडांची ओळ असलेली जाळी सर्वांत खात्रीची, पण ती महाग पडते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आपल्याकडे सौरऊर्जेवर चालणारी झटका मशीन आता बहुतेक शिवारांत आहे, तीच इथेही चालते. एक तार जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरी त्याच्या दुप्पट उंचीवर, म्हणजे डुकराचे नाक जिथे पोहोचते तिथे, असावी. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने ही तार लावून त्याच दिवशी नवी डुकरे आत सोडली, आणि पहिला झटका बसताच ती मागे सरण्याऐवजी तारेसकट पुढे पळाली. दोन दिवस तो शेजाऱ्यांच्या उसातून त्यांना हुडकत होता. तार म्हणजे काय हे त्यांना आधी शिकवावे लागते. चारी बाजूंनी पत्र्याचा किंवा तुराट्यांचा घट्ट कूड असलेल्या लहान आवारात आतून तार फिरवून आठवडाभर ठेवले की पुढे जायला वाव नसल्याने डुक्कर मागे सरायला शिकते, आणि एकदा शिकले की बंद तारेलाही भिते. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याने दरवर्षी माणसे मरतात, हे वेगळे सांगायला नको.

कुंपण आणखी एका कारणासाठी हवे. माजावर आलेल्या मादीच्या वासाने रानडुकराचा नर शिवारात येतो, आणि त्याच्यापासून झालेली पिल्ले कुंपण न मानणारी निपजतात. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे ते पकडून पाळण्याचा प्रश्नच नाही.

खाणे : जे गाईला चालते ते डुकराला चालेलच असे नाही

या विषयात मराठवाड्यातला शेतकरी हमखास चुकतो, कारण त्याचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. गाय रवंथ करते आणि तिच्या पोटातले जिवाणू तिच्यासाठी बरेच काही पचवतात, शिवाय काही विषेही निकामी करतात. डुकराचे पोट माणसासारखे एकच असते. कडबा त्याला अंथरुणाला उपयोगी, खायला नाही.

आपल्याकडे घरोघरी सोयाबीन असते, म्हणून ते तसेच भरडून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. जनावर पोटभर खाऊनही वाळत जाते. सोयाबीन भाजून किंवा उकडून द्यावे, नाहीतर कारखान्यातून उष्णता देऊन निघालेली पेंड द्यावी. सरकीची पेंड म्हशीला दुधासाठी घालतात, ती डुकराला घालू नये. सरकीतील गॉसिपॉल नावाचे द्रव्य त्याच्या यकृतावर आणि हृदयावर हळूहळू परिणाम करते आणि मग एके दिवशी चांगले धडधाकट दिसणारे जनावर मरून पडते. पावसात भिजून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड ‘जनावराला चालते’ म्हणून डुकरापुढे टाकणे हेही असेच.

मग घालायचे काय? भरडलेली ज्वारी किंवा मका, लातूरच्या डाळमिलमधून निघणारी तुरीची आणि हरभऱ्याची चुनी, गव्हाचा कोंडा, थोडी सोयाबीन पेंड आणि क्षारांचे मिश्रण. देशी मादीला गाभण नसताना दिवसाला दीड किलोच्या आसपास असे खाद्य आणि जोडीला लसूण घास, रताळ्याचे वेल, भोपळे, बाजारातली टाकाऊ भाजी पुरेशी होते. अंगावर पिल्ले पीत असताना तिचे खाद्य पिल्लांच्या संख्येप्रमाणे वाढवत न्यावे. ज्वारी सबंध घातली तर निम्मी तशीच बाहेर पडते, म्हणून भरडणे टाळू नये.

मिठाविषयी एक गोष्ट उन्हाळ्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाणी भरपूर असेल तर डुक्कर बऱ्यापैकी मीठ पचवते. पण हौद दिवसभर कोरडा राहिला आणि पोटात खानावळीचे खारट उष्टे असले की मीठ मेंदूत साचते. संध्याकाळी टँकर येतो, तहानलेले जनावर एकदम पाणी पिते, मेंदूला सूज येते, आणि ते गोल गोल फिरत, भिंतीला डोके लावून उभे राहते. बघणाऱ्याला वाटते, विषबाधा झाली किंवा कुणी करणी केली. असे तहानलेले जनावर दिसले तर पाणी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. पिल्ले पाजणाऱ्या मादीला दिवसाला १५ ते २५ लिटर पाणी लागू शकते. तेवढी सोय उन्हाळ्यात होणार नसेल तर माद्यांची संख्या तेवढीच ठेवावी जेवढ्यांना पाणी पुरेल.

विण्याचे दिवस

डुकरीण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि फळल्यावर साधारण ११४ दिवसांनी विते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असे लक्षात ठेवतात. या हिशेबाचा उपयोग हंगाम साधण्यासाठी करावा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नर लावला तर जानेवारीच्या अखेरीस पिल्ले होतात, कडाक्याची थंडी ओसरत असते आणि ऊन अजून लांब असते. आठ आठवड्यांनी दूध तोडले की आठवड्याभरात मादी पुन्हा माजावर येते, पण तेव्हा एप्रिल असतो. त्या वेळी फळलेल्या मादीचे पहिले दिवस मेच्या उन्हात जातात आणि गर्भ गळण्याची शक्यता वाढते. सावली आणि लोळखड्डा पक्का असेल तर धाडस करावे. नसेल तर पाऊस पडेपर्यंत थांबावे. थांबताना नराचाही विचार करावा, कारण उन्हाने त्याचे वीर्य बिघडले तर ते सुधारायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि जूनमध्ये लावलेला नर वाया जाऊन दोष मात्र मादीला मिळतो.

उदगीरच्या बाजूला एका मुरमाड माळावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी एक डुकरीण विताना पाहिली. मराठवाड्यात हे जनावर पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः कैकाडी, वडार अशा समाजांनी सांभाळलेले आहे, आणि ती मादीही एका कैकाडी आजींची होती. आदल्या दिवशी दुपारपासून ती कळपातून बाजूला झाली होती. तिने आधी नाकाने आणि मग पुढच्या पायांनी एक उथळ खळगा केला, आणि मग पाचटाच्या ढिगाकडे जाऊन तोंडात मावेल तेवढे पाचट घेऊन यायला लागली. एक खेप, दुसरी खेप. मी वीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले. मधेच ती एक जाड पऱ्हाटी ओढत घेऊन आली, खळग्याच्या कडेला आडवी ठेवली, थोडी मागे सरून पाहिली आणि पुन्हा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मी जवळ जायला निघालो तसे आजींनी हात आडवा केला. “दादा, आता तिच्याजवळ जाऊ नका. घर बांधायलीय ती.” रात्री तिने सहा पिल्ले दिली, आणि आजींनी कंदील घेऊन लांबून मोजण्याखेरीज काहीच केले नाही.

हे घर बांधणे म्हणजे हौस नाही. विण्याच्या आधीच्या दिवसात शरीरातल्या बदलांमुळे मादीला ते करावेच लागते. साहित्य न मिळाल्यास ती अस्वस्थ होते, पुन्हा पुन्हा उठते-बसते, आणि अशा उठबशीतच पिल्ले तिच्या अंगाखाली चिरडतात. दोन भारे पाचट किंवा कोरडे भुसकट एवढाच यावरचा उपाय आहे. त्या घरट्याचा दुसरा उपयोग उबेचा. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर चरबी नसते आणि त्याला पहिले काही दिवस तीस अंशांहून अधिक ऊब लागते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, त्या रात्री उघड्या कोब्यावरची पिल्ले सकाळपर्यंत टिकत नाहीत.

शेडमधल्या पिल्लांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन देतात, त्यामागचे कारणही मातीशी जोडलेले आहे. पिल्लाला रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. रानात ही उणीव पिल्लू माती चाटून भरून काढते. मोकळ्या तुकड्यात जन्मलेल्या पिल्लाला म्हणूनच सहसा इंजेक्शनची गरज पडत नाही; पावसामुळे ती आत ठेवावी लागली तर डुकरे न फिरलेल्या जागेची पाटीभर स्वच्छ माती आत टाकावी.

रोग

नैसर्गिक पद्धतीचा अर्थ लस न टोचणे असा कोणी घेत असेल तर त्याने डुकरे पाळू नयेत. साधा डुक्करज्वर, लाळ्या खुरकूत आणि घटसर्प यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. आफ्रिकन डुक्करज्वर हा निराळा रोग. तो २०२० मध्ये भारतात पहिल्यांदा ईशान्येकडे आढळला, तो माणसाला होत नाही, पण डुकरांत शिरला तर कळपातले जवळजवळ सगळे जनावर मारतो, आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. खूप ताप, कान आणि पोटाखाली लाल-निळे चट्टे आणि एकामागून एक मृत्यू दिसले तर साधा ज्वर की आफ्रिकन हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे आणि मेलेले जनावर नाल्यात टाकू नये. हा विषाणू डुकराच्या मांसात दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे खानावळीचे उष्टे हा त्याचा राजमार्ग ठरतो, आणि नवे आणलेले जनावर हा दुसरा. उष्टे बंद करणे आणि नव्या जनावराला तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे, यापलीकडे लहान शेतकऱ्याच्या हातात फारसे काही नसते.

पैसा आणि रक्त

राष्ट्रीय पशुधन अभियानात डुक्करपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, पण ते ५० माद्या आणि ५ नर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला धरून आखलेले आहे. तीन माद्यांच्या शेतकऱ्याला त्यात जागा नाही. विक्री बहुधा जागेवरून, नजरेच्या अंदाजाने होते, आणि त्या अंदाजात तोटा कोणाचा होतो हे सांगायला नको. एक साधा लोंबता काटा आणि पिंजरा या धंद्यात पहिल्याच विक्रीत स्वतःची किंमत वसूल करतो.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी राहते, ती रक्ताची. एकच नर तीन-चार वर्षे ठेवला की तो आपल्याच लेकींना आणि मग नातींना लागतो. पिल्ले कमी होतात, मरतुकी होतात, आणि शेतकरी म्हणतो की देशी जातच कमअस्सल. बाहेरून नर आणावा तर मिळतो तो संकरित. यातून लहान शेतकऱ्यांना जमेल असा मार्ग म्हणजे एकमेकांपासून लांबच्या गावांतील तीन जणांनी मिळून ठरवणे, की मादी-पिल्ले आपापल्या शेतावरच वाढतील आणि नर मात्र त्याच्या लेकी माजावर येण्याआधीच पुढे सरकेल : पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. अशाने बापलेकीचा संकर टळतो आणि बाहेरचे रक्तही लागत नाही. नर पुढे नेताना रोगाची तपासणी आणि वेगळे ठेवण्याचे ते तीन-चार आठवडे चुकवू नयेत. ज्या नर पिल्लांपासून पैदास करायची नाही त्यांचे पहिल्या काही आठवड्यांतच पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घ्यावे.

हे चालवायला एक वही लागते. कोणती मादी कोणत्या नरापासून कधी व्याली, किती पिल्ले झाली, किती जगली, दूध तुटताना वजन किती, वर्षाला किती, रंग कोणता, कान ताठ की लोंबते. जातीच्या नोंदणीसाठी कर्नालला लागते तीही याच प्रकारची माहिती, पुष्कळ जनावरांची आणि गावोगावची. त्या अर्जात जातीचे नाव लिहावे लागते, आणि ते अजून कोणी ठरवलेले नाही.